नोंदवही ते प्रारूप : पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या वाटचालीचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रास्ताविक

भारताच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाचा विचार करताना मोसमी पावसाचा उल्लेख टाळता येत नाही. दुष्काळ, तगाई, जमीनमहसुलातील सूट, सावकारी, स्थलांतर हे इतिहासाच्या अभ्यासक्रमातील परिचित विषय अखेरीस पावसापाशीच येऊन पोहोचतात. तथापि पाऊस मोजणाऱ्या, त्याची कारणमीमांसा करणाऱ्या आणि त्याविषयी अंदाज बांधणाऱ्या संस्थांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. हा विषय विज्ञानशाखेचा, असे मानून आपण तो बाजूस ठेवतो. वस्तुतः संस्था घडतात त्या काळाच्या गरजेतून, आणि ती गरज शोधणे हे इतिहासाचेच काम होय.

प्रस्तुत शोधनिबंधात पुणे येथे १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. वातावरणविज्ञान आणि हवामानाची संगणकीय प्रारूपे या क्षेत्रांत काम करणारी ही राष्ट्रीय संशोधन संस्था आज केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिचा परिचय करून देताना सामान्यतः महासंगणकांची नावे आणि त्यांची वाढती क्षमता सांगितली जाते. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. संस्थेच्या शास्त्रीय अधिकाराचा पाया महासंगणकात नसून देशभरच्या पर्जन्यमापकांवर पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या गेलेल्या नोंदींत आहे. आणि तिच्या वाटचालीतील बहुतेक महत्त्वाचे टप्पे, एखादा अंदाज वा एखादी समजूत त्या नोंदींपुढे खोटी ठरली, तेथून सुरू झालेले आहेत, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

संस्थेच्या स्थापनेमागील ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे, तिच्या संशोधनातील प्रमुख टप्प्यांचा दुष्काळ व अतिवृष्टीच्या घटनांशी असलेला संबंध तपासणे, आणि पर्जन्यनोंदींचे ऐतिहासिक साधन म्हणून महत्त्व स्पष्ट करणे ही या अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी प्रकाशित अहवाल, शोधलेख व पर्जन्यमालिका यांचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विचार केला आहे. विज्ञानातील तांत्रिक तपशील आवश्यक तेवढाच घेतला आहे.

३. पूर्वपीठिका : दुष्काळ आणि वेधशाळा

पश्चिम भारतात हवामानाच्या पद्धतशीर निरीक्षणाची परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून, म्हणजे १८२६ पासून सांगता येते. अखिल भारतीय पातळीवर मात्र शासनास जाग आली ती आपत्तींमुळे. १८६४ साली कलकत्त्यास विनाशकारी चक्रीवादळाने तडाखा दिला. १८६६ व १८७१ साली पाऊस फसला. या पार्श्वभूमीवर १८७५ साली हवामान खात्याची स्थापना झाली व एच. एफ. ब्लॅनफर्ड यांची प्रमुखपदी नियुक्ती झाली. खाते स्थापन होऊन दोनच वर्षे होतात तोच १८७७ चा पाऊस अपुरा पडला. १८७६ ते १८७८ या काळातील दख्खनच्या दुष्काळाची भीषणता येथे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाचा अंदाज आधी बांधता येईल काय, हा प्रश्न या दुष्काळाने प्रशासनापुढे ठेवला. हिमालयातील बर्फ आणि त्यानंतरचा पाऊस यांचा संबंध ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली मांडला, आणि १८८६ पासून मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज शासकीय पातळीवर देण्यास प्रारंभ झाला.

हा प्रारंभ सुखाचा नव्हता. ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांच्या कारकिर्दीत १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात त्या वर्षी शतकातील मोठ्या दुष्काळांपैकी एक ओढवला. गुजरात-राजस्थानात तो ‘छप्पनिया’ या नावाने लोकस्मृतीत राहिला. १९०४ साली खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. वॉकर यांनी केवळ हिमालयाकडे न पाहता जगभरच्या वेधशाळांची आकडेवारी एकत्र केली आणि सहसंबंधाच्या गणिताने पावसाशी नाते असणारे घटक शोधले. प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांवरील वायुभाराच्या चढउताराला त्यांनी ‘दक्षिण दोलन’ हे नाव दिले. या गणनेचे काम यंत्राविना, खात्यातील भारतीय कारकुनांच्या हातांनी झाले, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

हवामान खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्यास आणि १९२८ साली पुण्यास आले. शिवाजीनगर येथील त्या दगडी इमारतीस पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९३२ साली एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचे काम पुण्यातच सुरू झाले. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले, तरी खात्याच्या महत्त्वाच्या शाखा पुण्यातच राहिल्या. स्वातंत्र्यानंतर ॲना मणी यांनी हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत यासाठी येथे मोलाचे काम केले. पुढे नवी संशोधन संस्था पुण्यात स्थापन झाली, तेव्हा ती या तयार भूमीवर उभी राहिली.

४. संस्थेची स्थापना आणि स्वायत्तता

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवामानशास्त्राचे सिद्धान्त प्रामुख्याने युरोप व अमेरिका या समशीतोष्ण प्रदेशांतील अनुभवावर आधारलेले होते. तेथील हवामान थंड व उष्ण हवेच्या सीमांवरील संघर्षातून घडते. उष्णकटिबंधातील पाऊस या चौकटीत बसत नाही. येथे ढगांतील बाष्पाच्या सांद्रीभवनातून मुक्त होणारी उष्णताच वाऱ्यांना चालना देते. तेव्हा उष्णकटिबंधाचे हवामानशास्त्र स्वतंत्रपणे विकसित होणे आवश्यक होते. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी हवामान खात्याचाच एक विभाग म्हणून पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था सुरू झाली. तिला संयुक्त राष्ट्रांच्या विशेष निधीचे व जागतिक हवामानशास्त्र संघटनेचे साहाय्य लाभले. गणेशखिंड रस्त्यावरील रामदुर्ग हाऊस हे तिचे आरंभीचे ठिकाण. पुढे ती पाषाण येथील प्रशस्त आवारात गेली.

संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी हे होते. त्यांनी त्यापूर्वी कुलाबा व अलिबाग वेधशाळांची जबाबदारी सांभाळली होती. हाच काळ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा होता. १९५९ ते १९६५ या काळात चाललेल्या या मोहिमेमुळे समुद्रावरील वारे व तापमान यांची माहिती प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली. जहाजे, विमाने आणि थोड्याच काळात आलेली उपग्रहचित्रे यांमुळे अभ्यासाचे क्षेत्र विस्तारले.

१९६५ व १९६६ या लागोपाठच्या अवर्षणांनी देशास धान्यासाठी परकीय मदतीवर अवलंबून राहण्याची वेळ आणली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. दैनंदिन हवामानसेवा देणाऱ्या खात्यापासून मूलभूत संशोधन वेगळे करण्याचा विचार याच दशकात पुढे आला. १ एप्रिल १९७१ रोजी संस्थेस स्वायत्तता मिळाली व तिच्या नावात ‘भारतीय’ हा शब्द आला. त्या वेळी ती पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत होती. १९८५ साली ती विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आणि २००६ साली पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आली. शासनाच्या दृष्टीने हवामान हा विषय विमानांच्या सुरक्षिततेपासून विज्ञानाकडे व तेथून पृथ्वीच्या समग्र अभ्यासाकडे कसा सरकत गेला, हे या प्रशासकीय स्थलांतरांवरून स्पष्ट होते.

स्वायत्ततेच्या पहिल्याच वर्षी मूळच्या पुण्याच्या असलेल्या सुलोचना गाडगीळ या हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन येथे आल्या. सुमारे दोन वर्षे येथे काम करून त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. पुण्यातील डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या शोधलेखात उपग्रहचित्रांच्या आधारे असे दाखविले की, विषुववृत्ताजवळ निर्माण होणारे ढगांचे पट्टे काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे भूभागावर सरकतात. जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे वाहणारे प्रचंड खारे वारे, अशी मोसमी पावसाची जी पाठ्यपुस्तकी कल्पना होती, ती या संशोधनामुळे अपुरी ठरली.

५. बारामतीचा प्रयोग

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या इतिहासातील एक निर्णायक घटना होय. रोजगार हमी योजनेचा उगम त्यात आहे. याच दुष्काळाच्या छायेत, १९७३ साली, संस्थेने बारामती परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग हाती घेतला. पर्जन्यछायेतील ४८०० चौरस किलोमीटर क्षेत्राचे उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन भाग करण्यात आले. मधला पट्टा राखीव ठेवून उत्तर व दक्षिण यांपैकी कोणत्या भागातील ढगांवर मिठाची बारीक पूड फवारावयाची, हे यादृच्छिक पद्धतीने ठरविले जाई. दुसऱ्या भागातील पाऊस तुलनेसाठी मोजला जाई. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ अशा अकरा पावसाळ्यांत हा प्रयोग चालला. फवारणी झालेल्या भागात पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

इतिहासाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व टक्केवारीपेक्षा पद्धतीत आहे. दुष्काळात होरपळणाऱ्या लोकांना पाऊस हवा असतो, तुलना नको असते. अशा वेळी अर्धे क्षेत्र मुद्दाम फवारणीविना ठेवणे आणि निष्कर्षासाठी अकरा पावसाळे थांबणे, हे शास्त्रीय संयमाचे उदाहरण म्हटले पाहिजे. फवारणीनंतर पडलेला पाऊस फवारणीमुळेच पडला काय, याचे उत्तर जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या जाळ्याशिवाय देता येत नाही, हे या प्रयोगाने अधोरेखित केले. पुढे २००९ पासून संस्थेने ढग, वातावरणातील सूक्ष्म कण व पाऊस यांच्या परस्परसंबंधाचा देशव्यापी अभ्यास केला. २०१८ व २०१९ साली त्याचा एक टप्पा सोलापूर परिसरात पार पडला. निवडक ढगांवरील फवारणीने वाऱ्याच्या दिशेतील ठरावीक क्षेत्रात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ झाल्याचे त्यातून नोंदविले गेले. तथापि योग्य ढगच नसतील तर फवारणीचा उपयोग नाही, ही मर्यादा बारामतीत होती तशी सोलापुरातही कायम आहे.

६. पर्जन्यमालिका : संस्थेचे पायाभूत कार्य

संस्थेच्या ज्या कार्याचा उल्लेख वृत्तपत्रांत क्वचितच झाला, परंतु ज्यावर पुढील संशोधनाचा मोठा भाग उभा आहे, ते म्हणजे अखिल भारतीय पर्जन्यमालिका. डी. ए. मुळे, बी. पार्थसारथी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील ३०६ केंद्रांच्या नोंदी तपासून १८७१ पासूनची मासिक व ऋतुनिहाय मालिका सिद्ध केली. हिमालयालगतचा डोंगराळ प्रदेश वगळून, साधारणपणे प्रत्येक जिल्ह्यासाठी एक केंद्र निवडण्यात आले व जिल्ह्याच्या क्षेत्रफळानुसार त्यास भार देण्यात आला. केंद्रांची संख्या संपूर्ण कालखंडात तीच ठेवल्यामुळे १८७७ आणि १९७२ या दोन वर्षांची तुलना करणे शक्य झाले. या मालिकेनुसार जून ते सप्टेंबर या काळातील देशाचा सरासरी पाऊस सुमारे ८५० मिलिमीटर आहे, आणि मालिकेतील सर्वांत कमी पाऊस १८७७ सालचा, म्हणजे सुमारे ६०४ मिलिमीटर आहे.

या आकड्यांमागे कोण होते, याचा विचार इतिहासकाराने करावयास हवा. तालुका कचेरीच्या आवारात एक पर्जन्यमापक असे. रोज सकाळी ठरावीक वेळी त्यातील पाणी मोजपात्रात ओतून आकडा वहीत मांडावयाचा, हे काम कचेरीतील एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे असे. पाऊस पडला नाही तर शून्य लिहावयाचे. दुष्काळाच्या वर्षी हे शून्य दिवसामागून दिवस लिहिले गेले. या कर्मचाऱ्यांची नावे कोठेही उरलेली नाहीत. त्यांच्या वह्यांतून मात्र जगातील दीर्घ व सलग पर्जन्यमालिकांपैकी एक मालिका तयार झाली. एल निनो व भारतीय दुष्काळ यांचा संबंध तपासणारे, तसेच विसाव्या शतकाच्या अखेरीस तो संबंध क्षीण झाल्याचे दाखविणारे संशोधन या मालिकेविना शक्य झाले नसते.

७. २००२ चा धडा

१९८७ च्या तीव्र दुष्काळानंतर शासनाचे लक्ष पुन्हा अंदाजाकडे वळले. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांवर आधारित सांख्यिकीय प्रारूप तयार झाले व हवामान खात्याने १९८८ पासून त्याचा वापर केला. १९८८ ते २००१ या सलग चौदा वर्षांत पाऊस सर्वसाधारण वा त्याहून अधिक राहिला आणि अंदाजही तसेच होते. साहजिकच या प्रारूपास मोठी प्रतिष्ठा लाभली. २००२ साली नेहमीप्रमाणे सर्वसाधारण पावसाचा अंदाज देण्यात आला. त्या वर्षी जुलैत पाऊस सरासरीच्या सुमारे निम्माच पडला व हंगामाअखेर तूट १९ टक्के झाली. १८९९ सालची चूक शंभर वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा घडली. २००४ साली अंदाज पुन्हा चुकला.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. सांख्यिकीय प्रारूप भूतकाळातील संबंध भविष्यातही टिकतील असे गृहीत धरते. पाऊस सर्वसाधारण राहिला त्या वर्षांत या गृहीतकाची खरी परीक्षा झाली नव्हती. चौदा वर्षांचे यश हे प्रारूपाच्या क्षमतेचे की अनुकूल वर्षांचे, हे त्या काळात वेगळे करता येत नव्हते. २००२ ने ते वेगळे करून दाखविले.

याला पर्याय होता तो गतिकीय प्रारूपाचा. या पद्धतीत वातावरण व महासागर यांची चौकोनी घरांमध्ये विभागणी करून प्रत्येक घरातील वारा, तापमान, आर्द्रता यांतील बदल भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी क्रमाक्रमाने काढले जातात. त्यासाठी प्रचंड गणनक्षमता लागते. १९८० च्या दशकात अधिक शक्तिशाली क्रे संगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला व कमी क्षमतेचा संगणक दिल्लीतील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान पूर्वानुमान केंद्रास मिळाला. या नकारातून १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र उभे राहिले व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकार झाला. मोसमी पावसाची गरज आणि देशी महासंगणकाचा जन्म यांचा हा संबंध विज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे.

२०१२ साली राष्ट्रीय मान्सून मोहीम सुरू झाली व तिच्या समन्वयाची जबाबदारी पुण्याच्या संस्थेवर आली. अमेरिकेतील राष्ट्रीय केंद्राने विकसित केलेले वातावरण-महासागर संयुक्त प्रारूप आधारभूत मानण्यात आले. मात्र ते जसेच्या तसे वापरता येईना. भारतीय भूभागावर ते प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस दाखवीत असे. प्रारूपातील पाऊस कमी आहे हे समजले ते पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यामुळेच. घरांचा आकार सुमारे १०० किलोमीटरवरून ३८ किलोमीटरपर्यंत कमी करणे, ढगांच्या मांडणीत सुधारणा करणे अशी कामे संस्थेत झाली. ढग प्रारूपातील घरापेक्षा लहान असतात, म्हणून त्यांचे वर्तन अप्रत्यक्षपणे मांडावे लागते. त्यासाठी प्रत्यक्ष ढगांत राहून मोजमाप करणारी प्रयोगशाळा २०१२ साली महाबळेश्वर येथे सुरू झाली. २०२१ पासून हवामान विभागाच्या हंगामी अंदाजात गतिकीय प्रारूपांच्या समूहास स्थान मिळाले.

८. सरासरी आणि स्थळ

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास ७५ मिलिमीटरहूनही कमी पाऊस झाला. एकाच शहरातील दोन केंद्रांतील ही तफावत हवामानशास्त्रापुढे नवा प्रश्न उभा करणारी ठरली. देशाची वा शहराची सरासरी सांगून माणसांचे प्राण वाचत नाहीत.

बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधलेखात मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील दैनंदिन पावसाचे विश्लेषण केले. हंगामाच्या सरासरीत लक्षणीय बदल नव्हता. मात्र अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटना घटल्या होत्या. म्हणजे सरासरी स्थिर दिसत असताना तिच्या आत पावसाची वाटणी बदलत होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने पन्नास मध्यम सरी आणि पाच ढगफुटीसदृश पाऊस हे समान नाहीत, जरी बेरीज समान आली तरी.

२००९ साली संस्थेत हवामान बदल संशोधन केंद्र सुरू झाले. शतकभराच्या बदलांचा अभ्यास करण्यासाठी हंगामी प्रारूप पुरेसे नसते. पृथ्वीवर येणारी व पृथ्वीवरून जाणारी ऊर्जा यांचा हिशेब किंचितही चुकला, तर काही महिन्यांच्या अंदाजात तो खपून जातो; शंभर वर्षांच्या गणनेत मात्र प्रारूपाचे तापमान आपोआप भरकटत जाते. हा हिशेब दुरुस्त करून संस्थेने आपले पृथ्वी प्रणाली प्रारूप तयार केले. आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या सहाव्या मूल्यांकनासाठी जी जागतिक प्रारूपे विचारात घेतली गेली, त्यांत भारतातून सहभागी झालेले हे पहिले प्रारूप होय. २०२० साली आर. कृष्णन व सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या भारतीय प्रदेशातील हवामान बदलाच्या मूल्यांकनात असे नमूद आहे की, १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला.

२०१८ साली ‘प्रत्युष’ व २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक संस्थेत कार्यान्वित झाले. मे २०२५ मध्ये संस्थेने विकसित केलेली सहा किलोमीटर घरांची ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ सुरू झाली. त्यापूर्वी हे अंतर बारा किलोमीटर होते. अंदाज आता देश, राज्य, जिल्हा असे टप्पे ओलांडून गावांच्या समूहापर्यंत येऊ पाहत आहे.

नेमक्या याच ठिकाणी नोंदवहीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. सहा किलोमीटरच्या घराचा अंदाज बरोबर की चूक, हे त्या घरात पर्जन्यमापक असल्याशिवाय ठरविता येणार नाही. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते, हे आज ग्रामीण भागातील शेतकऱ्यास तोंडपाठ आहे, कारण नुकसानीचे पंचनामे व भरपाई त्या आकड्याशी जोडलेली आहे. केंद्राच्या ठिकाणी ६० आणि चार कोसांवरच्या शिवारात ९० मिलिमीटर झाला, तर शेतकऱ्याचे नुकसान खरे असूनही नोंद त्याच्या बाजूने बोलत नाही. नोंद ही अशा रीतीने शास्त्राची तशीच न्यायाचीही बाब ठरते.

सुलोचना गाडगीळ यांनी आपल्या नंतरच्या संशोधनात कर्नाटकातील पावगडा भागातील भुईमूग उत्पादकांसमवेत काम करून, शेतकऱ्यास हंगामाच्या बेरजेपेक्षा पेरणीच्या व फुलोऱ्याच्या दिवसांतील पाऊस महत्त्वाचा असतो, या बाबीकडे लक्ष वेधले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र कायम आहे.

९. पर्जन्यनोंदी : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

प्रस्तुत लेखक अवर्षणप्रवण भागातील महाविद्यालयात अध्यापन करतो. काही वर्षांपूर्वी स्थानिक दुष्काळाच्या अभ्यासासाठी एका जुन्या कचेरीत पर्जन्यनोंदींची चौकशी केली असता, स्वातंत्र्यपूर्व काळातील वह्या कार्यालयाच्या स्थलांतरात रद्दीत गेल्याचे समजले. मासिक बेरजा वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविलेल्या असल्यामुळे पर्जन्यमालिकेची हानी झाली नाही, हे खरे. परंतु दैनंदिन आकडे, शेऱ्याच्या रकान्यातील टिपणे, पर्जन्यमापकाची जागा बदलल्याची नोंद हे सर्व नष्ट झाले. पर्जन्यमापक झाडाखालून मोकळ्या जागेत हलविला तरी आकडा बदलतो. ती नोंद नसेल तर भावी अभ्यासक त्यास हवामानातील बदल समजण्याची शक्यता असते. तेव्हा अशा वह्या या मोडी दफ्तरांइतक्याच जपणुकीस पात्र आहेत.

या कामी महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग पुढाकार घेऊ शकतात. आपापल्या तालुक्यातील जुन्या नोंदवह्यांची सूची करणे, त्यांची छायाचित्रे घेणे आणि वयोवृद्ध कर्मचाऱ्यांकडून मापनपद्धतीची माहिती मिळविणे ही कामे पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगी आहेत.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा उगम व विकास दुष्काळाच्या प्रश्नाशी निगडित आहे. ती केवळ तंत्रज्ञानाच्या प्रगतीची निष्पत्ती नव्हे. दोन, १८९९ व २००२ येथील चुकलेल्या अंदाजांनी संशोधनास नवी दिशा दिली. चूक मान्य करणे शक्य झाले, कारण ती दाखविणारी नोंद उपलब्ध होती. तीन, संस्थेचे पर्जन्यमालिकेचे कार्य हे तिच्या प्रारूपांइतकेच, किंबहुना काही अंशी अधिक मूलभूत आहे. चार, सरासरीकडून स्थळाकडे जाण्याच्या आजच्या टप्प्यावर स्थानिक नोंदींची अचूकता व सातत्य यांचे महत्त्व घटलेले नसून वाढलेले आहे.

महासंगणक काही वर्षांनी कालबाह्य होतो व त्याच्या जागी नवा येतो. १८७७ च्या जुलैतील एखाद्या तालुक्याचा पाऊस मात्र आता कोणत्याही यंत्रास पुन्हा मोजता येणार नाही. तो त्या दिवशी कोणी मोजला व लिहून ठेवला, म्हणूनच आज आपल्याला त्याविषयी काही सांगता येते. आजचा पाऊसही उद्याच्या अभ्यासकासाठी तितक्याच निष्ठेने लिहून ठेवणे, हे आपले कर्तव्य होय.